विमान भरलं म्हणून बाबांना चढू दिलं नाही. त्या कागदावर सही करण्याआधी काय विचारायचं?

कापूसवेळ (धागाकर्ती)

धागा लांब होईल, पण पूर्ण वाचा. आपल्याकडचे म्हातारे आईवडील आता लेकरांकडे पुण्या-बंगळुरूला विमानानं जायला लागलेत, म्हणून लिहितेय.

आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून आत. नागपूरचं विमानतळ दीडशे किलोमीटरच्या वर. गेल्या महिन्यात पुण्याला भावाच्या मुलीचं बारसं होतं, संध्याकाळी. आईबाबांचं सकाळी ६:३५ चं तिकीट काढलं. रात्री दीडला साडेचार हजाराची गाडी करून निघाले. जामला चहा घेतला आणि पाचच्या आधी विमानतळावर पोचले. बॅगेत तुरीची डाळ, कुरडया, आणि आईनं शिवलेली बाळाची दुपटी.

काउंटरवर आईला सीट मिळाली. बाबांच्या हातात जो पास दिला त्यावर सीटचा आकडा जिथं असतो तिथं आकडाच नव्हता, ‘स्टँडबाय’ (म्हणजे जागा उरली तर) छापलं होतं. बाबा सातवी शिकलेले. त्यांनी त्या रिकाम्या चौकोनावर अंगठा फिरवून पाहिला आणि पोराला विचारलं, "बेटा, माझा नंबर कुठाय?" तो म्हणाला, "गेटवर मिळेल काका." गेटवर सांगितलं विमान भरलं, रात्री ९:४० च्या विमानात बसवतो. एक इंग्रजी कागद पुढं केला, "इथं सही करा म्हणजे तुमचे पैसे मिळतील." बाबांनी केली. ३,००० चं व्हाउचर मिळालं. तेही त्याच कंपनीच्या तिकिटासाठी, सहा महिन्यांत वापरायचं. आई एकटी जायला तयार होईना, तिची चढलेली बॅग खाली उतरवली. गाडीवाला तर केव्हाच परत फिरला होता. दोघं पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत त्या खुर्च्यांवर बसून राहिले. बारसं आम्ही फोनवर दाखवलं.

घरी आल्यावर तो कागद वाचला. त्यात लिहिलंय, मी माझ्या मर्जीनं ही सीट सोडत आहे.

बाबांनी मर्जीनं काहीही सोडलेलं नाही. आता काही करता येईल का? आणि असं तिकीट असूनही चढू न देणं चालतं तरी कसं?

---

रामटेकचा_वाटसरू

ताई, वाचून वाईट वाटलं. मी काही वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरवर काम केलंय. आता नाही, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

याला आम्ही ‘ऑफलोड’ म्हणायचो. प्रत्येक उड्डाणाला काही लोक येतच नाहीत. कोणाची मीटिंग रद्द होते, कोणी वाटेत अडकतं. ती सीट रिकामी उडाली की तिचे पैसे बुडाले. म्हणून कंपनी जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधते आणि आहेत त्यापेक्षा थोडी जास्त तिकिटं विकते. बहुतेक दिवशी अंदाज जुळतो, कोणाला पत्ताही लागत नाही. लग्नसराई, दिवाळी, शाळेच्या सुट्ट्या लागल्या की मात्र सगळेच येतात. कधी तिकिटं बरोबर विकलेली असतात पण ऐनवेळी मोठ्या विमानाऐवजी छोटं येतं. कधी दुसऱ्या गावी विमान चालवायला कंपनीचेच कर्मचारी पाठवायचे असतात, त्यांना सीट लागते.

आता कोण राहतं ते सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. माझ्या पाहण्यात, ज्यांनी घरूनच वेब चेक-इन करून सीट घेतलेली असते ते सहसा सुटतात. उरतात ते थेट काउंटरवर येणारे, कमी भाड्याच्या तिकिटाचे, ज्यांना पुढं दुसरं विमान पकडायचं नाही असे. आणि खरं सांगतो, जे भांडणार नाहीत असे दिसतात ते. धोतर-टोपीतले काका किंवा लुगड्यातली आजी दिसली की नवा पोरगा त्यांच्याकडेच कागद सरकवतो. मला तेव्हाही हे पटायचं नाही.

बहुतेक कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. उघडल्याबरोबर करा. या एका गोष्टीनं अर्धा धोका टळतो.

---

वैनगंगाकाठ

मी भंडाऱ्याला वकिली करते, ग्राहक आयोगाची कामं असतात. कायद्याची बाजू लिहिते.

डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यांचा यावर नियमच आहे, २०१० पासून. पुढं तो सुधारत गेला, रकमा २०१६ मध्ये वाढल्या. नियमाचा गाभा असा: विमान जास्त भरलं तर कंपनीनं आधी स्वयंसेवक शोधायचे, म्हणजे "कोणी आपणहून थांबायला तयार आहे का?" असं विचारायचं. जो तयार होईल त्याला काय द्यायचं ते कंपनी आणि तो प्रवासी आपसात ठरवतात. तिथं कायद्याची ठरलेली रक्कम नाही. २,००० म्हणाले आणि तुम्ही हो म्हणालात, तर २,०००.

पण पक्कं तिकीट आहे, वेळेत हजर आहात आणि तुमच्या इच्छेविरुद्ध थांबवलं, तर भरपाई ठरलेली आहे. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. २४ तासांच्या आत सुटणाऱ्या विमानात बसवलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या २०० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये. २४ तासांच्या पुढं गेलं तर ४०० टक्के, जास्तीत जास्त २०,०००. आणि दुसरं विमान नकोच म्हणालात तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, वर तेच ४०० टक्के, २०,००० च्या मर्यादेत.

म्हणून तो कागद महत्त्वाचा. ‘मर्जीनं’ लिहून सही झाली की तुम्ही दुसऱ्या रकान्यातून पहिल्या रकान्यात जाता. सगळा फरक त्या एका शब्दाचा आहे.

ताई, तिकिटावर मूळ भाडं किती लिहिलंय ते बघा. एकूण रक्कम नाही, कर आणि विमानतळाचे आकार सोडून.

---

कापूसवेळ

वकीलताई, पाहिलं. बाबांचं मूळ भाडं ३,४००, इंधनाचे ४००. म्हणजे ३,८०० च्या दुप्पट ७,६००. आणि हाती दिलं ३,००० चं व्हाउचर, तेही अशा माणसाला जो परत विमानात कधी बसेल कोण जाणे.

आणि एक विचारते. आईचं काय? तिला तर चढू देत होते.

---

वैनगंगाकाठ

आईंना नाकारलं नाही, म्हणून त्या सूत्रानं त्यांची भरपाई निघत नाही. पण दोघांचं एकाच पीएनआरवर तिकीट होतं, सत्तरीचं जोडपं होतं, त्यांना वेगळं केलं ही गोष्ट तक्रारीत नक्की लिहा. ग्राहक आयोगासमोर त्रासाची नुकसानभरपाई मागताना ते मोजलं जातं.

---

धरमपेठकर

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. मी महिन्यातून तीन-चारदा नागपूर-मुंबई करतो. जास्त तिकिटं विकल्यामुळंच भाडी आवाक्यात राहतात. प्रत्येक सीट रिकामी जाऊ द्यायची ठरवली तर तोच खर्च आपल्या सगळ्यांच्या तिकिटावर येईल. मी दोनदा आपणहून थांबलोय. एकदा ५,००० मिळाले. घरी गेलो, जेवलो, संध्याकाळच्या विमानानं गेलो. काका-काकूंसोबत झालं ते चूकच, पण पद्धतच वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

---

कापूसवेळ

दादा, रागावले नाही. पण तुमच्या एका वाक्यात सगळं आलं: "घरी गेलो, जेवलो." धरमपेठेतून विमानतळ किती, वीस मिनिटं? बाबांना घरी जायचं म्हणजे परत दीडशे किलोमीटर, परत तेवढीच गाडी आणि रात्री पुन्हा इकडं. त्यांच्यासाठी विमान दुपारी सुटो की रात्री, खर्च आणि हाल यांचा भाड्याशी काही संबंध नाही. नियम भाड्यावर भरपाई मोजतो. आमचं नुकसान रस्त्यावर होतं.

थांबायची मोकळीक ज्याला आहे त्यानं थांबावं, पैसे घ्यावे, त्यात काही वाईट नाही. ज्याला नाही त्याच्याकडून सही घेऊन त्याला ‘स्वयंसेवक’ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

---

मूर्तिजापूरचा_अण्णा

राजेहो, मले इमानातलं काई कयत नाई. सारी जिंदगी यष्टी अन् रेल्वेत गेली. पन रेल्वे तिकीट देतानाच सांगते ना, हे आरएसी हाय, हे वेटिंग हाय. आरएसीत साइडच्या बर्थवर दोघं जनं बसून जातो, पन जातो. आपल्याले घरूनच माहीत असते का सीट हाय का नाई. अन् इथं पक्कं तिकीट म्हनून पैसे घेतले, अन् दारात सांगतलं का जागा नाई? त्यायनं आधीच काऊन नाई सांगतलं? स्टँडबाय छापाचं होतं तं तिकिटावर छापाचं होतं, पोरी. मानूस रातभर गाडी करून आलाच नसता.

तुये बाबा सातवी शिकले, मी चवथी. आमच्या पिढीले सायबानं कागद देल्ला का सही कराची सवय हाय. सोसायटीच्या कर्जापासून हेच चालू हाय.

---

झाडीपट्टी_गोंदिया

अण्णा, शंभर टक्के.

मी दिल्लीला शिकतो. माझा अनुभव चांगला आहे, तोही लिहितो म्हणजे दोन्ही बाजू येतील. मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून जाताना गेटवर घोषणा झाली, दोन जण थांबायला हवेत. मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचलं तरी चालत होतं. आधी म्हणाले ३,००० चं व्हाउचर. मी म्हटलं, व्हाउचर नको, बँकेत द्या. आणि मला गोंदियाला परत जाता येत नाही, रात्रीची गाडी गेली, तर खोली आणि जेवण तुमच्याकडे. अजून कोणी पुढं येत नव्हतं. पंधरा मिनिटांत ६,००० वर आले, खोलीही दिली, सकाळच्या पहिल्या विमानाचा पास सीट नंबरासकट तिथंच हातात दिला. तो पास हातात आल्याशिवाय मी सही केली नाही.

पहिला आकडा हा शेवटचा नसतो, बैलबाजारात जसं असतं तसंच. फक्त आपल्याला खरंच घाई नसली पाहिजे.

---

संत्रीबाग_वरूड

मी मूळचा वरूडचा, दहा वर्षं टेक्सासमध्ये. तुम्ही जे केलं ना गोंदियाभाऊ, ते इथं रोजचं आहे, आणि त्यामागं एक गोष्ट आहे.

पूर्वी इथंही कंपन्या गुपचूप ठरवायच्या कोणाला खाली ठेवायचं. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये सुचवलं की कोणाला जबरदस्तीनं काढू नका, लोकांनाच विचारा किती पैशात थांबाल, आणि जो सगळ्यात कमी मागेल त्याला थांबवा. कंपन्यांनी तेव्हा ऐकलं नाही. १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतले राल्फ नाडर यांना एका विमानात असंच नाकारलं. ते कोर्टात गेले आणि प्रकरण १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. मग १९७८ मध्ये सरकारनं नियमच केला: आधी स्वयंसेवक विचारायचे, नंतरच जबरदस्ती.

तरी २०१७ च्या एप्रिलमध्ये शिकागोला काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. युनायटेडच्या विमानात कंपनीच्याच चार कर्मचाऱ्यांना जागा हवी होती. ८०० डॉलरपर्यंत देऊ केले, कोणी उठलं नाही. तिथं बोली वाढवायची सोडून एका डॉक्टर प्रवाशाला सीटवरून ओढत बाहेर काढलं. जगभर तो व्हिडिओ गेला. त्यानंतर कंपनीनं स्वयंसेवकाला १०,००० डॉलरपर्यंत द्यायची तयारी जाहीर केली. म्हणजे पैसे होते, द्यायची इच्छा नव्हती.

इथं इच्छेविरुद्ध थांबवलं तर भाड्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत, आणि ती कमाल मर्यादा २०२५ पासून २,१५० डॉलर आहे. युरोपात तर भाड्याशी संबंधच नाही, अंतरावर २५०, ४०० किंवा ६०० युरो. ताईंचा मुद्दा तिथं थोडा तरी ऐकलेला दिसतो: स्वस्त तिकीट काढलं म्हणून माणसाचा वेळ स्वस्त होत नाही.

आपल्या गेटवरही मोठ्यानं विचारलं गेलं असतं ना, "कोण थांबेल, पाच हजार", तर विमानातून एखादा धरमपेठकरदादा हसत उतरला असता आणि काका बारशाला पोचले असते. दोघांचं भलं झालं असतं.

---

धरमपेठकर

हे मला पूर्ण पटलं. मी उतरलोच असतो. आणि कापूसवेळताई, रस्त्याचा मुद्दा माझ्या डोक्यात खरंच आला नव्हता.

---

बेलोरा_शेजारी

अमरावतीकरांसाठी एक जोड. बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, मुंबईला एटीआर-७२ हे छोटं विमान जातं. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होतं. जिथं रोज विमान नाही तिथं कोणी थांबवलं तर ‘पुढचं विमान’ म्हणजे परवाचं असू शकतं. तेव्हा वकीलताईंनी सांगितलेली २४ तासांची रेषा लक्षात ठेवा, २०० चे ४०० टक्के होतात. नागपूरहून पाठवतो म्हणाले तर नागपूरपर्यंतची गाडी कोण देणार, ते हो म्हणायच्या आधी विचारा आणि लिहून घ्या.

---

कापूसवेळ

सगळ्यांचं वाचून काल रात्री बाबांशी बोलले. त्यांना वाटत होतं सही करून चूक आपलीच झाली. तक्रार नको म्हणत होते, "पोरगं होतं बिचारं, त्याची नोकरी जाईल." मी म्हटलं, तक्रार पोराविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध आहे. सही झाल्यावरही काही जमतं का वकीलताई?

---

वैनगंगाकाठ

जमतं. सही झाली म्हणून दार बंद होत नाही, काम थोडं वाढतं. काय काय हातात आहे ते बघा. स्टँडबाय छापलेला पास जपून ठेवला आहे ना? तो फार मोलाचा. ज्याला काउंटरवरच सीट दिली नाही, त्यानं गेटवर कोणती सीट मर्जीनं सोडली? हा प्रश्न तक्रारीत पहिल्याच ओळीत विचारा. मग तो इंग्रजी कागद, बाबांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवला का? व्हाउचर घेण्याला लेखी संमती लागते, ती समजून दिलेली होती का?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. त्याच दिवशी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर नोंद करा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. नाहीच ऐकलं तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही महानगरात असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आणि हे नियम कागदावरच राहतात असं समजू नका. जून २०२२ मध्ये तिकीट असलेल्या प्रवाशांना चढू न दिल्याबद्दल आणि भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएनं एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता.

---

रामटेकचा_वाटसरू

काउंटरवरच्या माणसाला काय म्हणायचं, तेवढं माझ्याकडून. आवाज चढवायची गरज नाही. शांतपणे म्हणा: "मी स्वखुशीनं थांबत नाही. मला बोर्डिंग नाकारलं असं लिहून द्या." हे वाक्य ऐकलं की ड्युटी मॅनेजरला बोलवावंच लागतं, कारण आता प्रकरण दुसऱ्या रकान्यात गेलं. कित्येकदा मी पाहिलंय, दहा मिनिटांत सीट ‘सापडते’ किंवा मग खरंच गेटवर जाऊन स्वयंसेवक विचारतात.

आणि वेळेचा पुरावा ठेवा. बहुतेक काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतात. तुम्ही उशिरा आलात असं नंतर म्हटलं जाऊ शकतं. रांगेत उभं राहिल्यावर उड्डाणांच्या बोर्डाचा एक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, वेळ आपोआप नोंदली जाते.

---

कापूसवेळ

तीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल माफ करा. कापूस वेचणी सुरू होती.

ईमेल केला, एअरसेवावर टाकलं. पहिलं उत्तर अपेक्षित तेच: "प्रवाशानं स्वेच्छेनं सीट सोडली." मी स्टँडबायच्या पासाचा फोटो जोडून वकीलताईंचाच प्रश्न विचारला, कोणती सीट? नंबर सांगा. आठ दिवस काही नाही. मग फोन आला, व्हाउचर रद्द करून ७,६०० बाबांच्या खात्यात देतो म्हणाले. परवा जमा झाले. गाडीचे आणि त्या दिवसाचे काही नाही. त्यासाठी यवतमाळला जायचं की नाही ते बाबा ठरवतील. सध्या ते नाही म्हणताहेत, आई हो म्हणतेय.

बाबांनी पासबुक भरून आणलं आणि मला दाखवलं. म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी माझी चूक नव्हती."

---

मूर्तिजापूरचा_अण्णा

पोरी, डोयात पानी आलं.

---

लोणारवाली

ताई, हा धागा आजच दिसला. माझ्या सासूबाई १४ तारखेला पहिल्यांदाच एकट्या नागपूरहून बंगळुरूला जाताहेत, नणंदेचं बाळंतपण आहे. मला वेब चेक-इन जमत नाही. तिकीट एजंटनं काढलंय, तो म्हणतो विमानतळावर होऊन जाईल.

---

कापूसवेळ

विमानतळावर सोडू नका. तिकिटावर सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर असतो, तो आणि आडनाव कंपनीच्या साइटवर टाकायचं. १२ तारखेला उघडेल. पैसे देऊन सीट घ्या असं दाखवेल, खाली फुकटच्या सीट असतात, त्यातली एक निवडा. आडनाव तिकिटावर जसं छापलंय तसंच टाका, एजंट बरेचदा नाव-आडनाव उलटं करतात.

सासूबाईंना एका चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या: "मी स्वखुशीनं थांबत नाही." चिठ्ठी पासच्या पाकिटातच ठेवा, पर्समध्ये खाली जाते. आणि चेक-इन झालं की पासचा फोटो इथं टाका, नाव आणि पीएनआर झाकून. सीटचा आकडा आलाय का बघून सांगते.